नाट्यगृहाचा बॅकअप

8 ऑगस्ट 2024, गुरुवार. आमच्याकडे रिलीज गुरुवारी रात्री असतं (शुक्रवारी करायचं नाही एवढाच नियम, बाकी कारण कुणाला माहीत नाही). मी पुण्यात, घरी, मांडीवर लॅपटॉप घेऊन लॉग बघत बसलो होतो. सगळं हिरवं. आणि तेवढ्यात फोन थरथरायला लागला. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामेभावाचा व्हिडिओ. काळ्या आभाळात नारिंगी ज्वाळा, माणसांचा आरडाओरडा, आणि खाली दोन शब्द: "केशवराव पेटलंय."

कोल्हापूरकराला याच्या पुढे काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. राजर्षी शाहू महाराजांनी 1915 साली बांधून पूर्ण केलेलं, मूळ नाव पॅलेस थिएटर. शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान. म्हणजे एका अंगाला तालीम, दुसऱ्या अंगाला नाटकाची तालीम! कोल्हापूरचा सगळा स्वभाव त्या एका आवारात होता. ज्यांचं नाव नाट्यगृहाला दिलंय त्या केशवरावांचा जन्म 9 ऑगस्टचा. आग लागली ती त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. कथेत कुणी असं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

बाबांना फोन लावला. ते गच्चीवर होते.

"बाबा, बघितलंत का?"

"बघतोय की. धूर दिसतोय हितनं."

मग बराच वेळ दोघंही गप्प. शेवटी मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बांधतील हो परत."

"बांधतील रे. बांधायला काय लागतंय? पण आवाज कुठनं आणणार?"

हे वाक्य त्या रात्री मला नीट कळलं नाही. बाबा हळवे झालेत असं वाटलं. आज जे लिहितोय ते त्या वाक्याचा अर्थ लागल्यानंतरचं आहे.

बाबांची जागा

बाबा बँकेत होते. संध्याकाळी सहानंतर नट. हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धा, दोन महिने तालमी आणि एक प्रयोग. भूमिका बहुधा छोटीच: पोस्टमन, वकील, शेजारचे काका. एका वर्षी तर नुसतं प्रेत. (त्या वर्षी आईने "यंदा पाठांतर सोपं आहे" म्हटलेलं अजून आठवतं.) मी तिसरी-चौथीत असताना रंगीत तालमीला मला घेऊन जायचे आणि शेवटच्या रांगेत बसवायचे. माझं काम एकच. ऐकू आलं तर हात वर करायचा.

बाबा स्टेजवर इकडेतिकडे फिरत एकच वाक्य म्हणत. कधी हात वर, कधी खाली. एका ठराविक जागी आले की अगदी कुजबुजले तरी मला स्वच्छ ऐकू यायचं. "ही आपली जागा," म्हणायचे. पुढे प्रयोगात महत्त्वाचं वाक्य आलं की काहीतरी निमित्त काढून ते बरोबर त्या जागेवर येऊन उभे राहायचे. पोस्टमनला तिथे यायचं कारण काय, हे दिग्दर्शकाला कधीच कळलं नसेल :-)

आता यात जादू काही नाही. 1915 सालच्या नाट्यगृहात माईक नव्हता. केशवराव भोसले, बालगंधर्व ही मंडळी गायची ती उघड्या गळ्याने, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसानेही तिकिटाचे पैसे दिलेले असायचे. तेव्हा इमारत हाच अ‍ॅम्प्लिफायर. भिंती कशाच्या, छत किती उंच, जमीन लाकडी की फरशीची, बाल्कनीचा पुढचा काठ कसा, यावर आवाज किती वेळ घुमतो आणि कुठे पोचतो ते ठरतं. भिंतीचा गिलावा बदलला, पडदे जाड लावले, खुर्च्यांना गाद्या चढवल्या, तरी आवाज बदलतो. शाहू महाराजांनी बांधलं ते एक वाद्यच होतं म्हणा ना. फक्त आपण आत बसत होतो.

आग आवाक्यात आली तेव्हा मुख्यतः काळवंडलेल्या भिंती उरल्या होत्या. तंबोऱ्याचा भोपळा जळाला आणि बाहेरची पेटी राहिली, तर आपण तंबोरा वाचला असं म्हणत नाही.

माझा गुन्हा

आता कबुली. 2022 साली पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडून तिथे मोठं संकुल बांधायची चर्चा जोरात होती. कलाकार विरोध करत होते, पेपरात रोज पत्रं येत होती. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विषय निघाला तेव्हा मी ठणकावून म्हणालो होतो, "पाडा की! 1968 ची तर इमारत. पार्किंग नाही, टॉयलेट धड नाही. नवीन बांधा, चार स्क्रीनच्या मल्टिप्लेक्ससारखं करा."

याला कारणही होतं. एका नाट्यगृहात (नाव सांगत नाही, पण पुण्या-मुंबईतला कुणीही वाचक आपल्या मनातलं नाव घालू शकतो) मध्यंतरात स्वच्छतागृहाचा वास असा होता की मी दुसऱ्या अंकाला नाकावर रुमाल धरून बसलो होतो. डास वेगळे. मेकअप रूमच्या अवस्थेबद्दल तर कलाकारच जाहीर बोलत असतात. आणि खरी गोष्ट ही की त्या प्रयोगानंतर तीन वर्षं मी एकही नाटक बघितलं नव्हतं. म्हणजे ज्या जागेत मी जातच नव्हतो, ती पाडायला माझी हरकत नव्हती. वा!

तेव्हा मला हेही माहीत नव्हतं की बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन 1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं होतं. जागा आणि आराखडा यात पु. ल. देशपांड्यांचं लक्ष होतं. उद्घाटन झालं 26 जून 1968 ला, बालगंधर्वांच्या जन्मदिवशी, पण ते बघायला ते नव्हते, आदल्याच वर्षी गेले. हे सगळं म्हणजे भावनिक मुद्दे झाले, मान्य. भावनिक मुद्द्यांवर इमारती टिकत नाहीत. म्हणून आमच्या धंद्यातला मुद्दा मांडतो.

नवीन लिहू या!

दर दोन वर्षांनी प्रत्येक कंपनीत एक उत्साही माणूस उभा राहतो आणि म्हणतो, हा जुना कोड घाण आहे, फेकून देऊ, नवीन लिहू. (मी दोनदा झालोय तो माणूस.) 2000 साली जोएल स्पॉल्स्की या प्रोग्रॅमरने यावर एक गाजलेला लेख लिहिला होता. उदाहरण नेटस्केपचं. त्यांनी ब्राउझर पहिल्यापासून लिहायला घेतला, 4.0 नंतर 6.0 यायला जवळपास तीन वर्षं गेली, 5.0 आलाच नाही. तोवर बाजार मायक्रोसॉफ्टने खाल्ला. जोएलचा मुद्दा साधा होता. जुन्या कोडमधल्या ज्या विचित्र ओळी बघून तुम्ही नाक मुरडता, त्यातली एकेक ओळ म्हणजे कुणीतरी, कधीतरी, रात्री जागून दुरुस्त केलेला एकेक बग असतो. कोड फेकला की ते ज्ञानही गेलं.

जुनं नाट्यगृह हा अगदी असाच कोड आहे. विंगेत एका ठिकाणी उगाच वाटणारी एक खुंटी असते. ती कुणीतरी अंधारात पडदा अडकून फाटल्यावर ठोकलेली असते. सामानाच्या दाराची उंची विचित्र वाटते. ट्रकमधून सेट थेट आत सरकावा म्हणून ती तशी असते. कुठला दिवा लावला की साउंडमध्ये घुं-घुं येतं, पावसात कुठे बादली ठेवायची, तीन अंकी नाटकाचा सेट किती मिनिटांत उतरतो, हे सगळं तिथल्या चार-पाच माणसांच्या डोक्यात असतं. डॉक्युमेंटेशन शून्य. ती माणसं निवृत्त झाली की संपलं.

नव्या संकुलाच्या चित्रात काचेची दर्शनी भिंत असते, झाडं असतात, गोरी दिसणारी दोन माणसं कॉफी पीत असतात. खुंटी कधीच नसते.

तुम्ही म्हणाल, मग काय, आहे तसंच कुजत ठेवायचं? नाही. आणि कोल्हापुरात तर पर्यायच उरला नाही, जळालंच. पुनर्बांधणी हाती घेण्यात आली, ती व्हायलाच हवी. पण 'होतं तसं' बांधायचं तर 'होतं कसं' हे कुठे लिहिलंय? इथे मला कोल्हापूर सोडून थेट व्हेनिसला जावं लागतंय, कारण हाच प्रश्न तिथे पडला होता.

व्हेनिसची गोष्ट

व्हेनिसमध्ये ला फेनिचे नावाचं ऑपेरा थिएटर आहे. 1792 साली उघडलेलं. फेनिचे म्हणजे फिनिक्स, राखेतून उठणारा पक्षी. नाव ठेवताना जरा विचार करायला हवा होता, कारण ते 1836 साली जळालं, वर्षभरात उभं राहिलं आणि 29 जानेवारी 1996 च्या रात्री पुन्हा जळालं. या वेळी आग लावणारे होते तिथेच काम करणारे दोन इलेक्ट्रिशियन. काम रखडलं होतं आणि उशिराचा दंड बसणार होता. डेडलाइन चुकली म्हणून थिएटर जाळणं! आमच्या क्षेत्रात अजून एवढी मजल गेलेली नाही. त्यातून जवळचे कालवे सफाईसाठी कोरडे केलेले, त्यामुळे अग्निशमनाच्या बोटी जवळ येईनात.

शहराने ठरवलं: जसं होतं, जिथे होतं, तसंच बांधायचं. आता जसं होतं म्हणजे कसं? दोन गोष्टी मदतीला आल्या. एक, व्हिस्कॉन्ती या दिग्दर्शकाचा 1954 चा 'सेन्सो' हा चित्रपट. त्याची सुरुवात याच थिएटरमध्ये चित्रित झाली होती, त्यामुळे आतली सजावट, रंग, बाल्कन्या बघायला मिळाल्या. आणि दुसरी गोष्ट वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. आग लागायच्या थोडंच आधी दोन इटालियन ध्वनिशास्त्रज्ञांनी त्या सभागृहाच्या आवाजाची मोजमापं घेऊन ठेवली होती. संशोधन म्हणून. आग लागणार हे त्यांना काय माहीत? पण त्यामुळे जळालेल्या थिएटरचा आवाज शिल्लक होता. 2003 च्या डिसेंबरमध्ये ला फेनिचे पुन्हा उघडलं.

बाबांच्या प्रश्नाला उत्तर होतं तर! आवाज आणता येतो. पण बॅकअप घेतलेला असला तर.

बॅकअप कसा घेतात

थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा, पण सोडू नका. रिकाम्या सभागृहात फुगा फोडला तर 'फट्' एकदा होतं, आणि मग भिंती, छत, खुर्च्या यांच्यावर आपटून त्याचे हजारो प्रतिध्वनी येत राहतात आणि विरतात. तो सगळा प्रतिसाद रेकॉर्ड केला की त्या जागेची सही मिळाली. फुग्याऐवजी हल्ली स्पीकरवरून खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत चढत जाणारा सूर वाजवतात, कारण त्याने मोजमाप जास्त स्वच्छ येतं. स्टेजवर स्पीकर, प्रेक्षागृहात वेगवेगळ्या जागी माईक, एक लॅपटॉप. पुढचं गणित सॉफ्टवेअर करतं. आणि मजा म्हणजे एकदा ही सही हातात आली की घरात रेकॉर्ड केलेला कोरडा आवाज त्या गणितातून काढायचा; तो माणूस त्या सभागृहात, त्या जागी उभा राहून बोलतोय असा ऐकू येतो. बाबांची जागासुद्धा! नवीन इमारत बांधताना आर्किटेक्टला तुलना करायला आकडे मिळतात ते वेगळेच. आमच्या भाषेत रिग्रेशन टेस्ट.

खर्च? एका नाट्यगृहामागे एक दिवस आणि भाड्याने आणलेली उपकरणं. रंगरंगोटीच्या टेंडरमध्ये हे पैसे दिसणारसुद्धा नाहीत.

पण आवाज हा बॅकअपचा एकच भाग झाला. इमारत वाचली म्हणजे नाट्यगृह वाचलं असं नसतं, हे मुंबईत दिसतं. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस 1911 साली पाचव्या जॉर्जच्या हस्ते उघडलं. बालगंधर्व, दीनानाथ तिथे गायले, पृथ्वीराज कपूरांची नाटकं तिथे झाली. 1993 साली बंद पडलं. आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर 2016 साली उघडलं, 2017 साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. काम देखणं झालंय, आनंद आहे. पण मधली 23 वर्षं? एवढ्या काळात एक अख्खी पिढी "रविवारी दुपारी नाटकाला जायचं" या सवयीशिवाय मोठी होते. झुंबर पुन्हा चमकवता येतं, सवय नाही.

आणि परळचं दामोदर. सोशल सर्व्हिस लीगचं, 1922 सालचं. ना. म. जोशींनी काढलेली ही संस्था. गिरणगावातल्या कामगारांनी, कोकणातून आलेल्या मंडळांनी तिथे नाटकं केली. 2023 साली ते पुनर्विकासासाठी बंद झालं आणि कलाकार रस्त्यावर उतरले. तिथे काय वाचवायचं होतं? नक्षीकाम? त्या नाट्यगृहाचा वारसा म्हणजे परळसारख्या ठिकाणी, दिवसभर कामावर जाणाऱ्या माणसाला परवडेल अशा भाड्यात मिळणारी तारीख. उद्या तिथे चकचकीत सभागृह झालं आणि भाडं कामगार मंडळाच्या आवाक्याबाहेर गेलं, तर आराखड्यावर नाट्यगृह दिसेल, पण दामोदर गेलेलं असेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कुठलंही जुनं नाट्यगृह पाडायच्या, वाढवायच्या किंवा 'नूतनीकरण' करायच्या आधी तीन गोष्टींचा बॅकअप सक्तीचा करा. पहिली, आवाजाची मोजमापं आणि इमारतीची त्रिमितीय नोंद. दुसरी, तिथल्या पडदेवाल्यांपासून बुकिंग क्लार्कपर्यंत सगळ्यांच्या सविस्तर मुलाखती: कशाला काय लागतं, कुठे काय अडतं. तिसरी, कामाआधीच्या वर्षातल्या तारखांचं वेळापत्रक आणि भाड्याचे दर; काम झाल्यावर पहिल्या वर्षी तेच शेजारी ठेवून बघायचं, कोण परत आलं आणि कोण आलं नाही. ही कागदपत्रं लोकांना बघायला खुली ठेवा. मग खुशाल पाडायचं की नाही यावर भांडू.

यावर आक्षेप ठरलेला आहे: "आधी टॉयलेट दुरुस्त करा, मग आवाज मोजा." शंभर टक्के मान्य. मी तर म्हणतो टॉयलेट, वायरिंग आणि आगीची यंत्रणा, या क्रमाने नको, उलट्या क्रमाने. लाकूड, पडदे, रंग, शेकडो दिवे, वर माणसांनी भरलेली बाल्कनी. नाट्यगृहाइतकी पेटायला सोपी दुसरी जागा नाही. शिकागोच्या इरॉक्वाय थिएटरमध्ये 1903 साली 602 माणसं गेली, त्या इमारतीची जाहिरात 'आगीपासून सुरक्षित' अशीच होती. कोल्हापुरात त्या रात्री प्रयोग चालू असता तर काय, हा विचार मी पूर्ण करू शकत नाही. पण रोजची देखभाल आणि नोंद या एकाच स्वभावाच्या गोष्टी आहेत. ज्याला खुंटी का आहे हे माहीत असतं, त्यालाच वायर कुठे गरम होते हेही माहीत असतं. दोन्हींना उद्घाटनाची फीत नसते, म्हणून दोन्ही राहून जातात.

आणि आपण? आपण काय करायचं, हे लिहिताना जरा लाज वाटतेय, कारण तीन वर्षं मी काहीच केलं नव्हतं. महिन्यातून एक नाटक बघायचं, जवळच्या जुन्या नाट्यगृहात. एवढं तरी. रिकाम्या नाट्यगृहाची बाजू कुणी घेत नाही; मीच घेतली नव्हती.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना हॉलमध्ये बसवून फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सांगितलं, केशवरावचं स्टेज सांगा. सगळं. आधी लाजले. मग उठले, सोफा मागे सरकवला, "हा पडदा समज" म्हणून खिडकीकडे बोट केलं आणि सुरू झाले. एक तास दहा मिनिटं. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटी टीव्हीच्या टेबलापासून तीन पावलं पुढे येऊन उभे राहिले, म्हणाले, "ही जागा," आणि हळू आवाजात पोस्टमनचं ते वाक्य म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो.

मी हात वर केला.

असो. फार लांबलं. सोमवारी पुन्हा रिलीजचं प्लॅनिंग आहे.

ता. क.: ते रेकॉर्डिंग तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलंय. त्यातली एक पुण्याबाहेर. इंजिनिअर आहे शेवटी!